अहो, वायपर!

आमच्या घराण्यात कोणी गाडी विकत घेतल्याचा दाखला नाही. आमच्याकडे गाडी येते. पाहुणा यावा किंवा पायात गोळा यावा, तशी येते. पहिली गाडी सासऱ्यांकडून आली, कारण त्यांच्याकडे ती ठेवायला जागा उरली नव्हती आणि माझ्याकडे जागेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. दुसरी आली ती चिरंजीवांकडून. २०२३ च्या गुढीपाडव्याआधी त्याचा पुण्याहून फोन आला, "बाबा, तुमच्यासाठी गाडी बुक केलीय. पांढरी. टॉप मॉडेल."

टॉप मॉडेल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जी कामं माणसाला सहज करता येतात ती गाडी आपण होऊन करायला लागली की तिला टॉप मॉडेल म्हणतात, आणि त्याचे पैसे वेगळे घेतात. अंधार पडला की हिचे दिवे आपोआप लागतात. मागे काही आलं की ही ओरडते. शोरूममधला मुलगा हे सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवत होता. त्याचं वय माझ्या चष्म्यापेक्षा कमी होतं. बँकेत छत्तीस वर्षं कर्जदारांचं ऐकताना जशी मान हलवली तशी मी हलवत होतो. गाडी पांढरी नसून क्रीम रंगाची आहे हे माझ्या लक्षात आलं होतं, पण पोराचा उत्साह मोडू नये म्हणून बोललो नाही. शेवटी त्या मुलानं राखून ठेवलेला हुकमाचा एक्का टाकला.

"आणि काका, पाऊस आला की वायपर आपोआप सुरू होतात. जोर वाढला की जोरात, कमी झाला की हळू. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही."

"मग मी काय करू?" आमची ही म्हणाली.

मुलगा हसला. मीही हसलो. नवरे अशा वेळी हसतात. हा प्रश्न विनोद नव्हता हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

त्याचं असं आहे, की आमच्या जुन्या गाडीत पावसाचं खातं हिच्याकडे होतं. १९८७ च्या श्रावणात, लग्नाला चार महिने झालेले असताना, आम्ही ती गाडी घेऊन रामटेकला निघालो. मनसरच्या अलीकडे पावसानं गाठलं आणि वायपरनं त्याच क्षणी राजीनामा दिला. मग त्या काळी सगळेच करायचे तो उपाय केला. वायपरच्या दांड्याला सुतळी बांधली, तिचं एक टोक माझ्या खिडकीतून आत घेतलं, दुसरं हिच्या खिडकीतून. ही ओढायची, मग मी ओढायचो, मग ही. दोन्ही काचा उघड्या असल्यामुळे समोरची काच लख्ख झाली आणि आम्ही दोघं चिंब. मी गाडी चालवत असल्यामुळे माझी पाळी चुकायची, तेव्हा ही म्हणायची, "अहो, वायपर!"

पुढे मोटर दुरुस्त झाली, सुतळी गेली, पण हुकूम राहिला. छत्तीस वर्षं. पहिला थेंब काचेवर पडायच्या आत तिला पाऊस कळतो. वासानं कळतो, झाडांच्या पानांवरून कळतो, रस्त्यावरच्या बायका पदर कसा घेताहेत यावरून कळतो. दीक्षाभूमीपाशी असताना ती सांगायची, "अंबाझरीकडे सुरू झालाय," आणि आम्ही शंकरनगरला पोचेपर्यंत तो आमच्यावर यायचा. "अहो, वायपर!" मी लावायचो. "अहो, थांबलाय. बंद करा की. कोरडे घासताहेत, कानाला कसं लागतं." मी बंद करायचो. मला वाटायचं गाडी मी चालवतोय.

तर गाडी पाडव्याला आली आणि रीतीप्रमाणे आम्ही ती टेकडीच्या गणपतीला नेली. नागपुरात वाहन कितीही लाखांचं असो, टेकडीच्या गणपतीनं पाहिल्याशिवाय ते चालू लागत नाही अशी श्रद्धा आहे. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं. टॉप मॉडेल म्हणून काचेवरही एक छोटं काढलं. नारळ झाला. चिरंजीव आत बसून इंजिन चालू ठेवून एसी दाखवत होता आणि वायपरची दांडी त्यानं 'ऑटो'वर ठेवली होती. गुरुजींनी मंत्र म्हणत आंब्याच्या पानानं काचेवर पाणी शिंपडलं मात्र, आणि दोन्ही वायपर खाडकन उठले. एका फेऱ्यात स्वस्तिकाचा गुलाबी चंद्र झाला, दुसऱ्या फेऱ्यात हार गुरुजींच्या अंगावर आला. गुरुजी दोन पावलं मागे सरले, पण मंत्र थांबला नाही. याला म्हणतात साधना. मागच्या रांगेतल्या एका स्कूटरवाल्यानं "बाप्पा, जागृत हाय गाडी!" असा अभिप्राय दिला. दक्षिणा थोडी जास्त द्यावी लागली.

त्यानंतर जे दिवस आले त्यात या गाडीला पाऊस म्हणून काय काय वाटलं त्याची यादी केली तर हवामान खात्याला उपयोगी पडेल. मैनेची विष्ठा हा पाऊस. तिनं तो इमानदारीनं काचभर सारखा पसरून दिला. मे महिन्यातली वावटळ हा पाऊस. बाहेर चव्वेचाळीस अंश, आभाळात ढगाचं पिल्लू नाही, आणि व्हेरायटी चौकात सिग्नलला उभी असलेली आमची एकटी गाडी करकर आवाज करत धूळ पुसतेय. शेजारच्या ऑटोवाल्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर आकाशाकडे पाहिलं, आणि मग परत माझ्याकडे फार कनवाळू नजरेनं पाहिलं. शेजाऱ्यांच्या कूलरच्या टाकीतून गळणारं पाणी हाही पाऊस. आमच्या इमारतीत गाड्या पुसायला येणारा पोरगा ओला फडका घेऊन काचेला लागला आणि मी आत बसून किल्ली फिरवली, तेव्हा तो फडकाही पाऊसच. बोटांवर फटका बसला तसा तो म्हणाला, "काका, तुमची गाडी मारते." तेव्हापासून तो माझी गाडी सगळ्यात शेवटी आणि मागच्या बाजूनं पुसतो.

आणि खरा पाऊस? भुरभुर सुरू झाली, काच घामेजल्यासारखी झाली, समोरची बस विरघळायला लागली, तरी ही बया ढिम्म. मी दांडीकडे हात नेणार तेवढ्यात एकदा सावकाश पुसून परत झोपी जायची. अगदी बँकेतल्या आमच्या एका हेडक्लार्कची आठवण यायची.

खोटं कशाला बोलू, कधी कधी ती थक्क करायची. वर्धा रोडला एखादा ट्रक शेजारून जाताना डबक्यातलं अर्धं पाणी काचेवर फेकायचा, माझा हात हलायच्या आत काच साफ. तेव्हा मी हिच्याकडे पाहायचो, "बघितलंस?" अशा अर्थानं. ती बाहेर बघत असायची.

शेवटी मी गाडी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निदान सांगितलं. "काकाजी, गाडी नाही बिघडली. पाऊसच बराबर पडून नाही राह्यला."

मग त्यानं आरशामागची काळी डबी दाखवली. त्या डबीत एक दिवा असतो. त्याचा उजेड आपल्याला न दिसणारा, टीव्हीच्या रिमोटच्या जातीचा. तो उजेड काचेत तिरपा, पंचेचाळीस अंशांत सोडतात. काच कोरडी असली की तो काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच्या सगळा आत परततो आणि शेजारचा एक छोटा डोळा तो मोजतो. काचेवर थेंब बसला की त्या थेंबातून थोडा उजेड बाहेर निसटतो. परत आलेला उजेड कमी भरला की डबी समजते, पाऊस. किती कमी भरला त्यावरून पावसाचा जोर. मला हे एकदम पटलं. ही तर आमची कॅश मोजायची पद्धत! सकाळी दिलेले संध्याकाळी परत आले नाहीत तर कुठंतरी गळती आहे. डबी आणि काच यांच्यात पारदर्शक चिकट गादी असते, तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला तरी हिशेब चुकतो. हेही आमच्याकडच्यासारखंच.

"पण काकाजी," मिस्त्री म्हणाला, "हा डोळा पाह्यते इतकुसा." त्यानं बोटांनी रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं वर्तुळ केलं. "त्याच्या म्होरं थेंब पडला तरच त्याले पाऊस. बाकीच्या काचेवर पूर आला तरी त्याले नाही समजत."

म्हणजे थेंबानं योग्य त्या खिडकीवर हजर झालं पाहिजे. बँकेत एवढी वर्षं काढून हे मला आधी सुचायला हवं होतं.

हे मी आमच्या मेहुण्यांना मोठ्या हौसेनं सांगितलं. ते काटोलला असतात, संत्र्याची बाग आहे. मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, "भाऊजी, यात नवीन काय? आमचं तर सगळं आयुष्य त्या डबीवर चाललंय." चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात. यांच्या बागेवर ढग फुटला, आंबिया बहाराची फळं चिखलात पडली, पण मापक होता लांब, दुसऱ्या शिवारात, आणि तिथं भरला साठ. साठ म्हणजे पाऊस, अतिवृष्टी नव्हे. "फळं उचलून त्या मापकापाशी नेऊन टाकावी म्हटलं," मेहुणे म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले. मी विषय बदलला.

पाऊस न कळलेली ती एक रात्रही सांगायला हवी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपूर्वी नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं काठ सोडला, अंबाझरी लेआउटसारख्या वस्त्यांमध्ये लोकांच्या घरात झोपेतच पाणी शिरलं. माणसं दगावली. त्या रात्रीवर मला विनोद करता येत नाही. एवढंच सांगतो की रात्री दोनच्या सुमाराला ही उठून बसली आणि म्हणाली, "हा नेहमीचा पाऊस नाही. गाडी वरच्या रस्त्याला लावून या." मी म्हटलं झोप. तिनं मला ढकलून उठवलं. मी कुरकुरत गाडी वर लावून आलो. सकाळी आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं आणि सहा गाड्या त्यात उभ्या होत्या. आमची वर रस्त्यावर सुखरूप, डबीसकट. ही त्यावर एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

सेन्सरवरचा उरलासुरला विश्वास उडाला तो पुढच्या उन्हाळ्यात. नागपूरकराला आपल्या उन्हाचा अभिमान असतो. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ झालं होतं हे आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना घरातली ढाल-तलवार दाखवावी तसं सांगतो. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. छप्पन्न! पुण्याहून, अमेरिकेहून फोन. "जिवंत आहात ना?" मी घरात कूलरसमोर बसून गंभीर आवाजात "आहोत कसेबसे" म्हणत होतो. पुढं हवामान खात्यानं खुलासा केला की तो आकडा बरोबर नव्हता, यंत्राच्या संवेदकात बिघाड होता. ही म्हणाली, "उन्हात डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं." नंतर माझ्याकडे पाहून म्हणाली, "माणसाचंही फिरतं, त्याला कुणी खुलासा विचारत नाही."

तिचा रोख माझ्या नव्या वेडाकडे होता. कारण त्या सुमाराला या वायपरांनी काच धड पुसणंच सोडून दिलं होतं. पुसायचे, नाही असं नाही, पण एक धूसर पापुद्रा राहायचाच. रात्री समोरच्या गाडीचे दिवे आले की प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्याचं खळं. मी पाती बदलली. दुसऱ्या दुकानातून परत बदलली. शाम्पूनं काच धुतली, वर्तमानपत्रानं पुसली, जुन्या ट्रकवाल्यांची युक्ती म्हणून मिस्त्रीच्या पुडीतली तंबाखू चोळली. गाडीला आठ दिवस पानठेल्याचा वास येत होता. पापुद्रा कायम. सर्व्हिसिंगवाल्यांना मी तीन पत्रं लिहिली, तिसरं तर इंग्रजीत. त्यांचा माणूस येऊन काच बघून गेला आणि म्हणाला, "सर, क्लिअर आहे." मी म्हटलं, बाबा रे, डोळे तपासून घे.

याच रागात मी वायपर या विषयाचा अभ्यास सुरू केला. रात्री टॅबलेटवर वाचायचो, अक्षर मोठं करून. वायपरचं पेटंट घेणारी एक बाई होती, मेरी अँडरसन, अमेरिकेतल्या अलाबामाची. न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये बसलेली असताना बर्फाच्या पावसात ड्रायव्हर खिडकी उघडून काच पुसतोय हे तिनं पाहिलं आणि आतून दांडी ओढून काच पुसायची युक्ती काढली. १९०३ साली पेटंट मिळालं. एका कंपनीनं १९०५ मध्ये कळवलं की यात धंद्याच्या दृष्टीनं काही दम नाही. पेटंटची मुदत संपली तेव्हा कुठं गाड्यांना वायपर सर्रास लागू लागले. बाईंना दमडी मिळाली नाही. हे मी हिला वाचून दाखवलं तेव्हा ती मटार सोलत होती. "शेजारी बसलेल्या बाईलाच सुचणार ते," ती म्हणाली. "चालवणारा खिडकी उघडून भिजत बसला असता."

मग दुसरा, रॉबर्ट कर्न्स. हा डेट्रॉइटचा इंजिनिअर. १९५३ साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनची बाटली उघडताना बूच उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं आणि तो डोळा जवळजवळ गेला. दहाएक वर्षांनी पावसात गाडी चालवताना, सतत फिरणाऱ्या वायपरांनी वैताग आल्यावर त्याच्या मनात आलं, आपली पापणी काही सारखी फडफडत नाही. लवते, थांबते, परत लवते. तसा वायपर का नको? त्यानं तो केला. कंपन्यांना दाखवला. पुढं त्यांच्या गाड्यांत तसे वायपर आले, पण याला कोणी विचारलं नाही. १९७८ साली त्यानं फोर्डवर दावा लावला आणि १९९० मध्ये एक कोटीच्या वर डॉलर मिळवले. पुढं क्रायस्लरविरुद्ध तर आपला खटला आपणच चालवून जिंकला. पण त्या लढाईत संसार मात्र मोडला. तिकडे १९७० च्या सिट्रोएन एसएम गाडीत तर वायपरच्या मोटरला किती वीज लागतेय त्यावरून काच कोरडी की ओली हे ताडायची सोय होती. ओल्या काचेवर पातं घसरतं, कोरडीवर अडतं. हे सगळं मी उत्साहानं सांगत होतो.

"त्या कर्न्सला," ही म्हणाली, "आपला एक डोळा अधू आहे हे ठाऊक होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुम्ही काल देवापुढे निरांजनाऐवजी उदबत्तीच्या घरात वात लावत होता, एवढंच."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. तोपर्यंत ते मला जमायला लागलं होतं, कारण गाडीत ती बोलेनाशीच झाली होती. सुरुवातीला पहिला थेंब पडला की ती "अहो..." म्हणायची, आणि पुढचा शब्द यायच्या आत वायपर फिरायचे. तिचं वाक्य गाडी पुरं करायची. असं दहा-वीस वेळा झाल्यावर तिनं "अहो"ही सोडलं. ती खिडकीबाहेर बघत बसायची किंवा मोबाइलवर बहिणीला फुलांचे फोटो पाठवायची. पहिले दोन महिने मला ही शांतता फार आवडली. नंतर गाडीत एकटाच बसल्यासारखं वाटायला लागलं. रेडिओ लावून पाहिला.

जुलै २०२४ मधली एक रात्र. चिरंजीव दोन दिवस येऊन गेला, त्याला विमानतळावर सोडून आम्ही वर्धा रोडनं परतत होतो. साडेनऊ झाले होते, भुरभुर होती. वर तो दुमजली पूल. सव्वातीन किलोमीटरला थोडा कमी, गिनीज बुकात गेलेला. वरून मेट्रो, मधून गाड्या, खाली आम्ही. पुलाखालचा पाऊस हा एक स्वतंत्र प्रकार आहे. तो ढगातून येत नाही, पुलाच्या कडांवरून टपकतो. वायपर बावचळले होते. एकदा जोरात, एकदा मुळीच नाही. समोरून दिव्यांची खळी येत होती, एकात एक मिसळलेली. मी पापुद्र्याला शिव्या देत खांबांच्या अंदाजानं चाललो होतो.

"अहो!"

त्या आवाजात छत्तीस वर्षांचा हुकूम होता. माझा पाय डोक्याला न विचारता ब्रेकवर गेला. गाडी थांबली. समोर, बॉनेटपासून हातभर अंतरावर एक माणूस सायकल धरून उभा होता. कॅरिअरवर पाच-सहा वर्षांची मुलगी, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. ती आमच्या दिव्यांकडे डोळे मिचकावून बघत होती. मला तो माणूस दिसला नव्हता. मुलगी दिसली नव्हती. सायकल दिसली नव्हती.

तो माणूस खिडकीशी आला. मला वाटलं आता शिव्या. तो शांतपणे म्हणाला, "काकाजी, दिसून नाही राह्यलं का?"

चिडून नव्हे, खरोखर विचारलं त्यानं. आणि मुलीची खोळ नीट करून निघून गेला.

मी गाडी बाजूला घेतली. हात थरथरत होते. म्हटलं, "हा वायपर... ही काच..." ही खाली उतरली. पावसात उभं राहून तिनं माझ्यासमोरची काच पदरानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसली. मग आतून पुसली.

"आता?"

"तशीच आहे."

"मग ती काच नव्हे," ती म्हणाली आणि आत येऊन बसली.

घर तिथून पाच किलोमीटर. ते मी वीसच्या वेगानं गेलो आणि सगळा रस्ता ती बोलत होती. "उजवीकडून ऑटो. समोर गाय. गाय गेली. सिग्नल लाल आहे, थांबा. आता हिरवा. डावीकडे खड्डा, पाणी भरलंय. तो माणूस थांबलाय, जा तुम्ही." मधेच एकदा सवयीनं म्हणाली, "अहो, वायपर," आणि ते आधीच चालू होते.

डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, धूसर कधीपासून दिसतंय?"

"नवीन गाडी घेतल्यापासून," मी म्हणालो.

त्यांनी यंत्रातून पाहिलं आणि हिला बोलावून पडद्यावर दाखवलं. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवीकडचा चांगलाच पिकलेला. ही मान हलवत राहिली, जशी मी कर्जदारांसमोर हलवायचो तशी. एक डोळा डिसेंबरात झाला, दुसरा जानेवारीत. पाऊण वर्ष काचेला शिव्या घालण्यात गेलं आणि ऑपरेशन आटपलं वीस मिनिटांत. आतलं जुनं भिंग काढून नवीन बसवतात. सेन्सर बिन्सर काही नसतो त्यात, पापणी आपली आपणच लववायची.

पट्टी सुटल्यावर खाली आलो. पार्किंगमध्ये आमची गाडी उभी होती. पांढरीशुभ्र. मी तिच्याभोवती दोनदा फिरलो.

"हिला रंग दिला का कोणी?"

"पहिल्यापासून पांढरीच आहे," ही म्हणाली.

घरी आल्यावर आणखीही बरंच दिसलं. पंख्यावरची धूळ दिसली, माझ्या आवडत्या शर्टावरचे वरणाचे डाग दिसले. चहा घेऊन ती समोर आली तेव्हा मी एकदम म्हणालो, "अगं, तुझे केस केव्हा एवढे पांढरे झाले?"

"तेरा-चौदा वर्षं झाली," ती म्हणाली. "गरम आहे, सावकाश घ्या."

२०२५ च्या मृगात पहिला पाऊस आला तेव्हा आम्ही धरमपेठेतून भाजी घेऊन येत होतो. लक्ष्मीभुवन चौकात ती खिडकीबाहेर पाहून म्हणाली, "आला." काचेवर एक थेंबही नव्हता. मी हळूच दांडी 'ऑटो'वरून खाली ओढली. अर्धं मिनिट गेलं. मग थेंब पडले, मोठे, मातीच्या वासाचे. काच भरत गेली. मी काही केलं नाही. ती दोनदा माझ्याकडे बघून समोर पाहू लागली, एकदा त्या काळ्या डबीकडे पाहिलं.

"अहो, वायपर!"

मी लावले.

परवा चिरंजीव आला होता. विमानतळावरून येताना तो पुढं माझ्या शेजारी बसला, ही मागे. वाटेत एक सर येऊन गेली. त्याचं लक्ष दांडीकडे गेलं. "बाबा, ऑटो बंद का ठेवलंय? त्याचे पैसे दिलेत आपण."

"बिघडलंय," मी म्हणालो.

"कसं बिघडेल? वॉरंटीत आहे. मी उद्याच दाखवून आणतो."

"राहू दे रे," मागून ही म्हणाली. "आणि अहो, बंद करा ते आता. केव्हाचा थांबलाय पाऊस."